तीन महिने हजर

फळा भरत आला तेव्हा कुठं बब्रुवानच्या ध्यानात आलं की आज पुन्हा आपण उजवीकडून सुरुवात केली. ओळी म्हणाल तर डावीकडून उजवीकडंच चालल्या होत्या, मराठीत, डोक्यावर रेघ ओढून. त्यांना कुणी नाव ठेवलं नसतं. पण फळ्याच्या मधोमध तो रोज जी उभी रेघ मारायचा, तिच्या उजव्या अंगाला सिद्धतेचा आरंभ होता आणि डाव्या अंगाला शेवट. समोरच्या अकरा जणांनी, मराठी वाचणारी माणसं घेतात तसं, डावीकडून उतरवून घेतलं होतं. त्यामुळं त्यांच्या वह्यांत 'म्हणून सिद्ध झाले' हे आधी आलं होतं आणि 'समजा' हे पान उलटल्यावर. चूक म्हटली तर एवढीशी. फडकं मारलं की संपली. पण हातातला खडू त्याला एकाएकी ओला लागला, आणि सदऱ्याच्या कॉलरखाली मुंगी चालावी तशी लाज चालायला लागली.

"सर," पहिल्या बाकावरचा सिदू म्हणाला. सिदू उमरग्याकडचा, वर्गात सगळ्यांत थोराड, मिशी राखलेला. "माज्या वहीत पोरगं आदी झालं अन् लगीन मागनं."

वर्ग हसला. हसण्यासारखंच होतं. बब्रुवानही हसून मोकळा झाला असता, पण पोलीस अ‍ॅक्शन होऊन सहा महिने झाले होते आणि या सहा महिन्यांत त्याला एक सवय लागली होती. गावात कुणी हसलं की ते हसू आपल्यावर येऊन पडायच्या आत तो ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर ढकलून द्यायचा. तो वळला, बोटं झटकली आणि म्हणाला, "काय करता बाबांनो, मियाँकडं शिकलो ना. त्यांचं सगळंच उलटं. फळासुद्धा माघारी चालतो."

आता मात्र वर्ग मनापासून हसला. सिदूनं बाक बडवलं. तेवढ्या वेळात बब्रुवानची नजर सहज मागच्या दाराकडं गेली, आणि दारात मुनवर साहेब उभे होते, वर्गाचे मुख्य शिक्षक, ज्यांच्याकडं तो शिकला ते.

ते कधीपासून उभे होते, हा त्या दिवसाचा प्रश्न झाला. काळी शेरवानी, कोपरावर विटलेली. रुमी टोपी सप्टेंबरपासून त्यांनी घालायची सोडली होती आणि तिच्या जागी दुसरं काही घातलं नव्हतं, त्यामुळं त्यांचं कपाळ नको तितकं मोठं दिसत होतं. त्यांनी हात थोडा वर केला, चालू द्या अशा अर्थानं, आणि शेवटच्या रिकाम्या बाकावर, तपासणीला आलेल्या माणसासारखे नव्हे, विद्यार्थी बसतो तसे बसले. बब्रुवाननं फळा पुसला, डावीकडून सुरुवात केली, आणि उरलेला तास तो मागच्या बाकाकडं न बघता बोलला.

वर्ग जिनिंगच्या माडीवर भरायचा आणि खालून कापसाचं बारीक पीस वर येऊन फळ्यावर बसायचं. गावाला कागदावर उस्मानाबाद म्हणत आणि तोंडानं धाराशिव. तसंच या वर्गाला कागदावर 'इंटरमीजिएटची तयारी करवणारा खासगी वर्ग' म्हणत आणि तोंडानं कॉलेज. निजामाच्या मुलखात आसपास खरं कॉलेज नव्हतं म्हणा, किंवा ज्यांना ते परवडायचं त्यांच्यासाठी हैदराबाद होतं. बाकीच्यांसाठी मुनवर साहेबांनी पंचेचाळीस साली ही माडी मागून घेतली, जिनिंगवाल्याच्या मुलाला फुकट गणित शिकवायच्या बोलीवर. मुलगा गणितात नापास झाला, माडी राहिली. पहिल्या वर्षाला बीजगणित आणि त्रिकोणमिती, दुसऱ्या वर्षाला भूमिती आणि कॅल्क्युलस. कॅल्क्युलसला तेव्हा 'एहसा' म्हणत, कारण सगळं उर्दूत चालायचं. त्रिकोण मुसल्लस होता, कोन जाविया होता आणि प्रत्येक सिद्धतेच्या शेवटी पोरं एका सुरात 'साबित हुआ' म्हणायची. आता मराठी आली होती. पुस्तकं आली नव्हती. बब्रुवान स्वतः हैदराबादेहून उर्दूत बी.ए. होऊन आलेला; तो रात्री उर्दूतून मराठी करायचा आणि सकाळी शिकवायचा. फक्त फळ्याची बाजू तेवढी भाषांतर व्हायची राहून जायची.

तास संपला. पोरं धडधडत जिना उतरली. मुनवर साहेब उठले, पुढं आले आणि त्यांनी फडकं उचललं. ही त्यांची जुनी खोड. लिहिलेला फळा टाकून वर्गाबाहेर जायचं नाही. शिपायानं पुसला तर तो पुसला असं ते धरत नसत. पुसता पुसता ते मध्येच थांबले.

"तिसऱ्या ओळीत वजा पाहिजे, बेटा. तू अधिक केलास."

"व्हय की," बब्रुवान म्हणाला. "नजरचूक."

"पुढच्या ओळीत आपोआप वजा झाला. म्हणून जवाब बरोबर आला." साहेब हसले. "दोन चुका. पोरांनी पकडलं न्हाय. तू पकड उद्या."

एवढंच. मियाँ नाही, माघारी नाही. ते शब्द जणू त्यांच्या आणि बब्रुवानच्या मध्ये पीस होऊन तरंगत राहिले. साहेबांनी फडकं खिडकीबाहेर झटकलं, "चार वाजता भेटू," म्हणाले आणि जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले. तिसरी ओळ त्यांनी पाहिली होती. आत्ता पुसतानाच पाहिली असं धरलं तर त्यावरून काहीच कळत नव्हतं. पण तिसरी ओळ कोणत्या वेळची? पुसायच्या आधीच्या फळ्यावरची की नंतरच्या? अधिकाची चूक आपण दोन्ही वेळा केली का एकदाच? बब्रुवान रिकाम्या फळ्यापुढं उभा राहून आठवायला लागला आणि त्याला काहीच आठवेना. ऐकू येत होतं ते फक्त सिदूनं बडवलेलं बाक.

चार वाजता मंडळाची बैठक होती. वर्ग चालवायला आता गावातल्या प्रतिष्ठितांचं मंडळ झालं होतं आणि एक वकीलसाहेब अध्यक्ष होते. विषय एकच: मुनवर साहेबांना जूनपासून ठेवायचं की नाही. वकीलसाहेबांनी बब्रुवानला आठवड्यापूर्वीच बोलावून सांगितलं होतं, "हे बघा बब्रुवानराव, जातीचा प्रश्नच नाही. जातीवर आपण जायचंच नाही. प्रश्न नियमाचा आहे." आणि मग त्यांनी जुनं हजेरी-पुस्तक पुढं ओढलं. साल फसली सत्तावन्न, महिने अमरदाद, शहरेवर, मेहर. म्हणजे गेल्या वर्षीचे जून, जुलै, ऑगस्ट; सप्टेंबरात वर्गच बंद होता. शिक्षकांच्या रकान्यात बब्रुवानच्या नावापुढं रोज, एकही दिवस न गाळता, मुनवर साहेबांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात एकच शब्द: हाजिर.

"तुम्ही तर तेव्हा बार्शीला होता," वकीलसाहेब म्हणाले. "सगळं गाव जाणतं."

सगळं गाव जाणत होतं, कारण गावाला तसं सांगितलं गेलं होतं. बार्शी निजामाच्या हद्दीपलीकडं, रझाकारांच्या हाताबाहेर. तिथं लढणाऱ्यांचा कॅम्प होता. ऑक्टोबरात बब्रुवान परत आला तेव्हा स्टँडवर चारदोन जणांना हार घालत होते, त्यातला एक उरला तो याच्या गळ्यात पडला. त्यानं तो काढला नाही. 'कॅम्पात होतात का?' असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, 'कॅम्पातला चहा प्यालोय.' हे खरं होतं. तो एकदा गावच्या एका माणसाची चौकशी करायला कॅम्पाच्या फाटकापर्यंत गेला होता आणि तिथं कुणीतरी त्याला चहा दिला होता. बाकीचे सगळे दिवस तो बायकोच्या, शिवकांताच्या, मावशीच्या माळवदावर तुरीच्या डाळीतले खडे निवडत आणि फावल्या वेळात समीकरणं सोडवत बसला होता. खोटं तो कधी बोलला नव्हता. गणितवाल्याला खोटं बोलायची गरज पडत नाही. खरी विधानं कोणत्या क्रमानं मांडायची आणि कुठं थांबायचं एवढं कळलं की पुरतं.

आता गंमत अशी होती की दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नव्हत्या. बब्रुवान बार्शीला होता तर नोंद खोटी, आणि खोटी नोंद करणारा मुख्य शिक्षक नियमानं घरी. नोंद खरी तर बब्रुवान बार्शीला नव्हता, आणि गळ्यातला हार खोटा. वकीलसाहेबांनी ही कोंडी इतकी स्वच्छ मांडली होती की बब्रुवानला क्षणभर त्यांचं कौतुक वाटलं. तिसरी एक गोष्ट होती जी मांडली की कोंडी फुटत होती. ती फक्त चौघांना ठाऊक होती: बब्रुवान, शिवकांता, मुनवर साहेब आणि त्यांच्या पत्नी फातिमाबी.

ती गोष्ट म्हणजे एक चिठ्ठी. जूनमधली पहाट. रझाकारांनी दोन दिवसांपूर्वी शेजारच्या आळीतलं एक घर जाळलं होतं आणि ज्यांची माणसं हद्दीपार गेली त्यांच्या दारांना सील लागत होतं. शिवकांतानं बोचकं बांधलं होतं. बब्रुवाननं दिव्यापुढं उकिडवं बसून, वहीचं पान फाडून, उर्दूत लिहिलं, कारण घाईनं लिहायला हाताला तेवढंच येत होतं. 'साहेब, मी जातो आहे. माझी हजेरी चालू ठेवा. गैरहाजर दिसलो तर तिकडं गेलो असं धरतील, घर जाईल, जळकोटला बाप म्हातारा आहे, त्याला धरतील. आपल्या पायाशी विनंती.' खाली सही, वर तारीख. घडी शिवकांतानं घातली, चौपदरी, विड्यासारखी. साहेबांच्या दारात फातिमाबींनी ती घेतली, आणि पदराआडून भाकरीचं फडकं पुढं केलं. "बेसन की हैं," त्या म्हणाल्या, "रस्त्यात खा. येडशीला गाडी वेळेवर येत न्हाय." मग तीन महिने साहेबांनी रोज सकाळी पुस्तक उघडून, आयुष्यात कधी एक अंक इकडचा तिकडं न केलेल्या हातानं, ते खोटं लिहिलं. एकदा चौकशीला माणसं आली होती म्हणतात. साहेब त्यांना म्हणाले, "आत्ताच तास घेऊन गेला." त्या माणसांनी फळा पाहिला. फळा भरलेला होता. साहेबांनी त्या दिवशी तो पुसला नव्हता.

हे त्याला सिदूच्या बापाकडून कळलं होतं, साहेबांकडून नाही. सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि सगळं उलटं झालं. ढोकीच्या बाजूला साहेबांच्या मोठ्या जावयाचं काय झालं ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ऑक्टोबरात बब्रुवान भेटायला गेला तेव्हा दोघं अर्धा तास बसले आणि गणितातल्या घातमालेबद्दल बोलले.

दुपारभर तो माडीवरच बसून राहिला. जेवायला गेला नाही. त्याला आपला बाप दिसत होता, बिरू, जळकोटच्या माळावर काठीवर हनुवटी टेकून उभा. बिरूला वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं, आणि कळप दीडशेचा. संध्याकाळी मेंढरं वाड्याच्या तोंडातून आत जाताना तो नुसता बघायचा आणि मध्येच म्हणायचा, "कानफाटी न्हाय आली." हजर कोण आहे ते त्याला दिसायचं नाही, नाही कोण ते दिसायचं. साहेब तेव्हा शाळेत शिकवायचे; पाचवीतल्या बब्रुवाननं त्यांना हे सांगितलं तेव्हा ते खडू खाली ठेवून म्हणाले, "तुझा बाप रियाजीदान आहे. गणिती. त्याला सांग, मी बोललो." बापाला सांगितलं तर बाप लाजून काठीनं माती उकरायला लागला. "येडं हाय का काय त्ये मास्तर," म्हणाला, पण त्या वर्षी त्यानं पोराला कळपामागं नेलं नाही. धनगराचं पोर फळ्यापर्यंत आलं ते असं. बब्रुवानला वाटलं, आज बाप इथं दारात उभा असता तर मंडळाच्या माणसांकडं बघून त्यानं काय म्हटलं असतं? कोण न्हाय आलं म्हणाला असता? हा विचार त्याला नको होता. त्यानं त्याऐवजी उद्याच्या तासाची टिपणं काढली. उद्या बीजगणितातल्या श्रेणींत सीमेची तोंडओळख करून द्यायची होती: एक राशी दुसरीच्या जवळ जाते, कितीही जवळ, तुम्ही सांगाल त्या अंतराच्याही आत, आणि तरी पोचत नाही.

त्याच्या मनात, खरं सांगायचं तर, आणखी एक गोष्ट होती आणि ती तो दुपारभर टाळत होता. साहेब राहिले तर दुसरं वर्ष साहेबांकडं राहणार होतं, आणि बब्रुवान दुय्यम. साहेब गेले तर मुख्य कोण, हे उघड होतं. फक्त त्याला कॅल्क्युलस नीट येत नव्हतं. पास होण्यापुरतं येत होतं.

चार वाजता मंडळाची पाच माणसं चटईवर बसली आणि मुनवर साहेबांना खुर्ची दिली, ज्यामुळं ते एकटेच उंच आणि एकटेच आरोपी दिसायला लागले. वकीलसाहेबांनी पुस्तक उघडलं.

"बब्रुवानराव, या तीन महिन्यांत तुम्ही कुठं होता?"

"बार्शीला."

"मग ही नोंद?"

खिडकीतून जिनिंगचा धपधप आवाज येत होता. बब्रुवानला चिठ्ठीची घडी दिसली, चौपदरी. ती साहेबांच्या शेरवानीच्या खिशात असेल असं त्याला वाटलं, आणि लगेच वाटलं की नसेल, सप्टेंबरच्या धामधुमीत कोण चिठोऱ्या जपतं. जाळली असेल. जाळलीच असेल.

"नोंद खोटी आहे," तो म्हणाला.

"अक्षर कुणाचं?"

"साहेबांचं."

दोन्ही विधानं खरी होती. वकीलसाहेब खुर्चीकडं वळले. "मुनवर साहेब, काही म्हणायचंय? कुणाच्या सांगण्यावरून केलं असेल तर सांगा. मंडळ विचार करील. आम्ही काही शत्रू नाही."

साहेबांचा उजवा हात शेरवानीच्या छातीशी गेला. बब्रुवाननं तो जाताना पाहिला आणि त्याचे कान बंद झाले, जिनिंगसुद्धा ऐकू येईना. हात तिथं क्षणभर थांबला, बटण चाचपलं, आणि गुडघ्यावर परत आला.

"बब्रुवान बरोबर बोलतोय," साहेब म्हणाले. "नोंद खोटी हाय. मी केली. माझ्या हातानं केली, माझीच समजा."

"कारण?"

"कारण लिहायला रकाना न्हाय त्यात, वकीलसाब."

चटईवरचा एकजण हसला. वकीलसाहेबांनी ठराव सांगितला, दुसऱ्यानं लिहून घेतला. साहेब उठले. जाताना ते बब्रुवानपाशी थांबले आणि त्याला वाटलं, आता. पण ते म्हणाले, "तिसरी ओळ. पोरांना सांग उद्या," आणि जिना उतरले. खाली पोचायला त्यांना बराच वेळ लागला. सगळे एकेक पायरी ऐकत होते.

घरी शिवकांतानं ताट वाढलं. ती समोर बसली आणि तिनं विचारलं, "झालं?"

"झालं."

"चिठ्ठीचं सांगितलंत?"

"चिठ्ठीचं कुणी विचारलं न्हाय."

ती भाकरी मोडता मोडता थांबली. "अन् साहेबांनी दाखवली न्हाय?"

"नसंल ठेवली. एवढ्या गडबडीत कोण ठेवतंय."

"मी घडी घातली हुती," शिवकांता म्हणाली. "फातिमाबी म्हनल्या, बटव्यात ठेवते." तिनं त्याच्या ताटात आमटी वाढली, नको म्हणाला तरी वाढली, आणि आपलं ताट न घेता उठून गेली. ती रागावली असती, बोलली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं. त्यानं उत्तर तयारही ठेवलं होतं. ते त्यानं डाळीच्या खड्यासारखं दाताखाली धरून ठेवलं आणि गिळलं.

सकाळी तो माडीवर गेला तेव्हा टेबलावर एक जाड वही होती. सिदू आधीच येऊन बसला होता. "साहेब देऊन गेले," तो म्हणाला. आज तो हसत नव्हता. "पहिल्या मोटारीनं गेले, उमरग्याला. लेकीकडं. बोजा मीच चढवला. सर, ते म्हनले, सरला सांग, दुसऱ्या वर्षाचं सगळं हाय ह्यात."

बब्रुवाननं वही उघडली. पहिल्याच पानावर शेवटचा धडा होता. त्याला कळेना. मग त्यानं अक्षर पाहिलं. मराठी होतं. साहेबांना मराठी बोलता यायचं, लिहिता यायचं नाही. गावात सगळ्यांना माहीत होतं. इथं एकेक अक्षर वीट बसवावी तसं बसवलेलं होतं, आणि डोक्यावरची रेघ मागाहून पट्टीनं ओढलेली. सहा महिने. टोपी काढून ठेवल्यावर, जावयाचं झाल्यावर, या माणसानं मुळाक्षरं गिरवली होती आणि सगळं एहसा, पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत, मराठीत उतरवलं होतं, जूनमध्ये शिकवता यावं म्हणून. ओळी डावीकडून उजवीकडं. एकही 'जाविया' नाही. फक्त वही त्यांनी सवयीनं उजवीकडून सुरू केली होती. पहिला धडा मागच्या पुठ्ठ्याला लागून होता. बब्रुवाननं वही पालथी केली, मागून पहिलं पान उघडलं. तिथं चिठ्ठी होती. घडी मोडलेली नव्हती; पुन्हा त्याच पदरांवर घातलेली, चौपदरी. बरोबर दुसरा कागद नव्हता, शब्द नव्हता. काल ती खिशातच होती.

"सर," सिदू म्हणाला, "बरं वाटत न्हाय का?"

"फळा पूस," बब्रुवान म्हणाला. "आलोच." आणि वही काखेत मारून तो जिना उतरला.

वकीलसाहेबांचा वाडा चार गल्ल्या पलीकडं. त्या चार गल्ल्यांत बब्रुवान आयुष्यात पहिल्यांदा वाक्यं जुळवत नव्हता. त्याला एकच वाक्य सांगायचं होतं आणि ते तयार होतं: हजेरी मी मागितली, ही चिठ्ठी. उमरग्याला तार करता येईल, दुपारपर्यंत माणूस पाठवता येईल. त्याला हलकं वाटत होतं. गल्लीतल्या बायका पाण्याला निघाल्या होत्या, एकीनं त्याला वाट दिली आणि तो चक्क हसला. वकीलसाहेब ओसरीवर पंचा गुंडाळून दाढी करत होते. अर्धा गाल साबणाचा.

"या, बब्रुवानराव. सकाळीच? बसा. काय काम काढलं?"

तो बसला. वाक्य जिभेवर होतं. वस्तऱ्याची सर्र अशी चाल ऐकू येत होती. वकीलसाहेब आरशातून त्याच्याकडं बघत होते, आणि आरशात बब्रुवानला स्वतःचाही एक तुकडा दिसला: कान आणि कॉलर. त्यानं तोंड उघडलं.

"कॅल्क्युलसचं विचारायचं होतं," तो म्हणाला. "दुसऱ्या वर्षाचं."

"ते आता तुमच्याकडंच. काल ठरलंच की." वकीलसाहेबांनी वस्तरा पुसला. "झेपेल ना? पुस्तक नाही म्हणतात मराठीत."

"वही आहे."

"बघू." त्यांनी ओला हात पंचाला पुसला आणि वही ओढून घेतली. उघडली ती समोरून, डावीकडून, कुणीही उघडतं तशी. शेवटचा धडा. पान उलटलं. पान उलटलं. वकीलसाहेब इंटरला असताना गणितात नापास झाले होते, ते आदरानं एकेक पान पाहत होते. बब्रुवान त्यांचा अंगठा बघत होता. पन्नास पानं उरली. मग ते झपाट्यानं चाळायला लागले. तीस. दहा. अंगठा मागच्या पुठ्ठ्याकडं चालला होता आणि बब्रुवानच्या मनात कुणीतरी गुडघे टेकून विनवत होतं, उलटा, अजून दोन, उलटा, म्हणजे मला सांगावं लागणार नाही. तीन पानं उरली आणि अंगठा थांबला. वकीलसाहेबांनी मान वर केली.

"अक्षर फार सुरेख आहे हो," ते म्हणाले. "रेघा तर बघा, छापल्यासारख्या. कुणाचं?"

इतकी वर्षं तो खरंच बोलत आला होता.

"माझंच," बब्रुवान म्हणाला.

वकीलसाहेबांनी वही मिटून परत दिली आणि दुसऱ्या गालाला साबण लावायला घेतला. तो माडीवर परतला तेव्हा फळा स्वच्छ पुसलेला होता आणि अकरा जण वह्या उघडून बसले होते. त्यानं मधोमध उभी रेघ मारली, डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला, टेबलावरचं नवं हजेरी-पुस्तक उघडलं आणि आधी स्वतःच्या नावापुढं, रोजच्यासारखं, हजर असं लिहिलं.